हात गेला, हात घातला

गोकुळला एका जागी बसता येत नाही. माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायला लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्याला दाराजवळची खुर्ची दिली. दर दहा मिनिटांनी हा उठणार. कधी पंख्याचा वेग कमी करायला, कधी पाणी प्यायला, कधी नुसताच. बसला तरी एक पाय हलत असायचा. आमचे यजमान दत्तात्रय आतल्या खोलीतून म्हणायचे, "शोभा, तुझं शिवणयंत्र आलं वाटतं." मला हसू यायचं आणि रागही यायचा, कारण बाकीचे सहा जण वह्या उघडून बसलेले असायचे आणि हा माणूस खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचत असायचा.

मी मूळची चिपळूणची. एकतीस वर्षं सिल्वासात सरकारी शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी इंग्रजी. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांतच लक्षात आलं, की मला घरात कोणाच्या तरी चुका काढल्याशिवाय करमत नाही, आणि यजमान किती पुरे पडणार? म्हणून टोकरखाड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळचा क्लास सुरू केला. येणारे बहुतेक मसाटच्या नाहीतर दादऱ्याच्या कारखान्यांत काम करणारे. मी कडक आहे, असं ते माझ्यामागे म्हणतात. समोर म्हणाले तरी माझी हरकत नाही.

गोकुळ शिंदखेड्याकडचा, चौतीस वर्षांचा, बारावी झालेला. अथालला भाड्याची खोली, घरात बायको सरिता, आणि मसाटला सुताच्या कारखान्यात अकरा वर्षं नोकरी. प्लास्टिकसारखा चकचकीत धागा मोठाल्या रोलरांवरून जातो आणि रिळांवर गुंडाळला जातो, त्या मशीनवर तो ऑपरेटर. मशीन चालू असताना दहा पावलांवर पाठ करून उभा राहिला, तरी कुठलं बेअरिंग खराब झालंय हे आवाजावरून सांगायचा म्हणे. हे मला त्यानेच सांगितलं, पण खोटं वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिथे चेतन नावाचा डिप्लोमा झालेला मुलगा लागला. मशीन कुठून सुरू करायचं हे त्याला गोकुळने शिकवलं, आणि सहा महिन्यांत तो शिफ्टचा इन्चार्ज होऊन गोकुळला हुकूम सोडायला लागला. कारण काय, तर शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो आणि बाहेरून माल बघायला येणाऱ्या पार्ट्यांशी इंग्रजीत बोलावं लागतं. मॅनेजर गोकुळला म्हणाला, "इंग्लिश सुधार लो, दिवाली के बाद एक जगह और है." झालं. तेव्हापासून ह्याच्या पायाला भिंगरी. आधी मोबाइलवर शिकून पाहिलं. मग एका क्लासमध्ये महिनाभर नुसतं गुड मॉर्निंग म्हणवून घेतलं, तो सोडला. मग माझ्याकडे.

"मॅडम, दिवाळीला किती दिवस राहिले?" हे त्याचं दारातलं पहिलं वाक्य. "तेवढ्यात येईल ना मला?"

"बसशील तर येईल," मी म्हणायची.

त्याच्या चुका सगळ्या एका घराण्यातल्या. टू मी हंगर केम. टू मी अँगर केम. बस मिस्टेक्ड. मी लाल पेनाने वाक्य खोडायची आणि समासात एकच प्रश्न लिहायची: कर्ता कुठाय? मग फळ्याजवळ उभी राहून माझं ठरलेलं भाषण. आपल्याकडे भूक लागते, झोप येते, राग येतो, बस चुकते, कप फुटतो. सगळं आपोआप घडतं आणि आपण हात झटकून बाजूला उभे. इंग्रजीत असं चालत नाही. तिथे कोणीतरी पुढे येऊन सांगावं लागतं, की हे मी केलं. हे भाषण मला फार आवडायचं. वर्षानुवर्षं मी ते केलं आणि दर वेळी स्वतःवरच खूश झाले. एकदा गोकुळने 'द कप ब्रोक' लिहिलं, तेही मी खोडलं. खरं तर ते वाक्य चूक नव्हतं. इंग्रजीतही कप आपला आपण फुटतो. पण भाषणाच्या भरात मला ते दिसलं नाही.

गोकुळने मात्र ते मनावर घेतलं. घरी सरिता म्हणाली, की दूध उतू गेलं, तर हा विचारायचा, "कर्ता कुठाय?" सरिता म्हणाली, "कर्ता मोबाइलमा इंग्रजी शिकी ऱ्हायना, म्हनीसन दूध गयं." हे त्याने क्लासमध्ये सांगितलं आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो.

गणपती होऊन गेले आणि त्याच आठवड्यात त्याच्या मशीनवर अपघात झाला. बायडाबाई नावाची साक्रीकडची पन्नाशीची बाई तिथे हेल्पर होती. मशीनच्या आजूबाजूला पडलेला तुटका धागा गोळा करायचं तिचं काम. तिचा उजवा हात रोलरमध्ये सापडला आणि दोन बोटं चिरडली. जीव वाचला एवढंच. तिचा नवरा कारभारी कमरेतून गेलेला, त्याला दोन तास उभं राहता येत नाही. घर तिच्याच कामावर चालायचं.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातल्या रमाकांतसाहेबांना तिचा जबाब लिहून हवा होता. ते कामगारांचे कागदपत्र बघतात. बायडाबाई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही आणि साहेबांना अहिराणीतलं ओ की ठो कळत नाही. कागद तर वरच्या ऑफिसला इंग्रजीतच जायचा. कोणीतरी म्हणालं, गोकुळ इंग्रजी शिकतोय. गोकुळला बोलावलं, खुर्ची दिली, पेन दिलं. अकरा वर्षांत त्या ऑफिसात तो पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो जवळजवळ धावतच. मोबाइलवर कागदाचा फोटो होता. "बघा मॅडम, पूर्न पान लिहिलं! कोनाला काही विचारलं नाही."

मी चष्मा लावून वाचलं. तारीख बरोबर, भूतकाळ बरोबर, प्रत्येक वाक्याला कर्ता. मधोमध एक वाक्य होतं: आय पुट माय हॅन्ड इन द मशीन. त्याआधी काहीतरी लिहून खोडलेलं दिसत होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "आधी 'माय हॅन्ड वेन्ट' लिहिलं होतं. ती तसंच बोलली ना, मना हात चालना गया मशीनमा. मंग तुमची आठवन झाली. हात कसा जाईल आपला आपला? कर्ता कुठाय?"

मी म्हटलं, "वा, गोकुळ!" आणि दोन स्वल्पविराम कुठे हवे होते ते दाखवले. त्या वाक्यात काय म्हटलंय हे मी पाहिलंच नाही. वाक्य बरोबर होतं, मला तेवढं पुरलं. आज हे लिहितानासुद्धा स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

पुढच्या दहा दिवसांत गोकुळ नेहमीपेक्षा जास्तच उड्या मारत होता. दिवाळीनंतरच्या जागेची यादी बनतेय, त्यात तुझं नाव आहे, असं रमाकांतसाहेब त्याला बोलले म्हणे. मग एका संध्याकाळी तो क्लासच्या अर्धा तास आधी आला आणि उंबऱ्यावरच उभा राहिला. आत येईना.

"मॅडम, पुट म्हंजे काय?"

"ठेवणे. घालणे."

"मुद्दाम?"

मी काहीतरी शिकवण्याच्या सुरात बोलायला लागले, की संदर्भावर अवलंबून असतं वगैरे. तो मधेच म्हणाला, "बायडाबाईला नोटीस आली. तिनंच लिहून दिलंय म्हने, की चालू मशीनमधी मी हात घातला. म्हंजे हलगर्जी तिची. कामावर परत घेनार नाही. कारभारीदादांनी मला त्यांच्या खोलीवर बोलावलं, नोटिशीला तो जबाब जोडलेला. वाच म्हनले, काय लिहिलंय. मीच लिहिलेलं मीच वाचून दाखवलं मॅडम, तिच्यासमोर."

"ती काय म्हणाली?"

"ती म्हनली, 'गोकुळभाऊ, मी काय येडी शे का, हात घालाले?' बस, एवढंच. मंग चहा ठेवायला उठली. एका हातानं." तो उंबऱ्यावरून अंगणात गेला आणि परत आला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या दिवशी बाकीच्या मुलांना मी परत पाठवलं. हात गेला आणि हात घातला, ह्यातला फरक आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, आणि मी, एकतीस वर्षं शिकवलेली शिक्षिका, लाल पेन घेऊन तोच फरक पुसत बसले होते. इंग्रजीत सोय नव्हती असं थोडंच आहे? हर हॅन्ड गॉट कॉट. तिचा हात सापडला. साधं वाक्य. पण ते कर्मणी प्रयोगाच्या धड्यात येतं, आणि तो धडा अवघड म्हणून मी कारखान्यातल्या मुलांना कधी शिकवलाच नव्हता. त्यांना काय करायचंय, असं माझं मत होतं.

"पण हात सापडला कसा?" दत्तात्रय आतून बाहेर येऊन म्हणाले. "रोलरवर काही झाकण नसतं का रे?"

गोकुळने दाराची कडी दोनदा वरखाली केली. मग म्हणाला, "जाळी असते. काढलेली होती."

रोलरवर धागा अडकला, की जाळी उघडावी लागते, आणि जाळी उघडली की मशीन थांबतं. थांबलं की माल कमी पडतो. चेतनने महिन्याभरापूर्वी तोंडी सांगितलं होतं, की जाळी काढूनच टाका, मशीन थांबायला नको. गोकुळने पाना घेऊन जाळी काढली होती आणि मशीन थांबू नये म्हणून जाळीखालचं बटणही दाबून बांधून टाकलं होतं. जबाब देताना बायडाबाईने जाळीचं नाव काढलं नाही, कारण तिथे अशी काही जाळी असते हेच तिला माहीत नव्हतं. गोकुळला माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

"हे सांगावं लागेल," मी म्हटलं.

"माहीत आहे मॅडम."

सोमवारी वरच्या ऑफिसातून मोठे साहेब येणार होते आणि बायडाबाईचं प्रकरण त्यांच्यापुढे जायचं होतं. जबाब ज्याने लिहिला त्यालाही बोलावलं होतं. आमच्या हातात चार दिवस होते. चार दिवस गोकुळ शिफ्ट संपली की थेट माझ्याकडे यायचा आणि मी त्याला कर्मणी प्रयोग शिकवायची. मला स्वस्थता नव्हती, भाजीत दोनदा मीठ पडत होतं, यजमान मुकाट्याने खात होते. गोकुळ खोलीत फेऱ्या मारत घोकायचा. हर हॅन्ड गॉट कॉट. द कव्हर वॉज रिमूव्हड.

दुसऱ्या वाक्याशी तो अडला. "यात कर्ता कुठाय मॅडम?"

"ह्यात लपवता येतो."

"म्हंजे इंग्लिशलाबी लपवता येतं!" त्याचा चेहरा एकदम खुलला. चार दिवसांत तेवढाच.

"येतं," मी म्हटलं. "कोणी विचारलं नाही तर."

सोमवारी दुपारी तीन वाजता तो आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. मी खुर्ची पुढे केली, पण तो बसलाच नाही. दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत त्याने सगळं सांगितलं.

टेबलाच्या पलीकडे मोठे साहेब, बाजूला रमाकांतसाहेब आणि चेतन. बायडाबाई हात बांधलेला, पदर दातात धरून भिंतीजवळ उभी. कागद इंग्रजीत आहे तर चूकही इंग्रजीतच सांगायची, असं गोकुळने ठरवलं होतं. हिंदीत सांगितलं असतं तर रमाकांतसाहेबांनी ते आपल्या शब्दांत इंग्रजीत उतरवलं असतं, आणि शब्द बदलले की काय होतं हे तो बघून चुकला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, जबाबातलं ते वाक्य मी चुकीचं लिहिलं, तिने तसं सांगितलं नव्हतं. हर हॅन्ड गॉट कॉट इन द रोलर.

मोठ्या साहेबांनी कौतुकाने मान हलवली आणि तेही इंग्रजीतच बोलायला लागले. कसा सापडेल? त्यावर कव्हर असतं.

"द कव्हर वॉज रिमूव्हड," गोकुळ म्हणाला.

"बाय हूम?" साहेबांनी विचारलं.

कर्मणी प्रयोगाच्या धड्याखाली स्वाध्यायात हाच प्रश्न असतो. शाळेत मी शेकडो मुलांना त्यावर गुण दिले आहेत.

"मी बोललो, बाय अस. आम्ही काढली. खरंच होतं ना मॅडम? सांगनारे चेतनसाहेब, काढनारा मी." तो खिडकीपाशी थांबला. "साहेबांनी लिहून घेतलं. मंग बायडाबाईकडे पेन दाखवून म्हनले, अस? शी ऑल्सो? म्हंजे ही पन होती तुमच्यात? मंग हिला तर माहीतच होतं, की जाळी नाही. तरी हात घातला?"

"अरे देवा," मी म्हटलं.

"आम्ही म्हटलं तर ती नाही. आपन म्हटलं तर ती आहे. इंग्लिशमधी दोन्हीला एकच शब्द आहे का मॅडम?"

"एकच."

"मंग कसं सांगायचं, की आम्ही, पन ती नाही?"

मी म्हटलं, चेतनचं नाव घ्यायचं होतंस. चेतन अँड आय, असं म्हणायचं होतंस. माझा आवाज चढला होता. सांगणारा तो आणि अंगावर घेणार तू, हा कुठला न्याय?

"ते खाली कागदाकडे बघत होते, मॅडम. नाव घेतलं असतं तर नाही म्हनले असते. लिहून थोडीच दिलं होतं? मंग साहेब म्हनले असते, हे दोघं आपसात भांडतात, जाऊ द्या, पहिला कागद आहे तो बरोबर आहे. बायडाबाई तिथंच राहिली असती. तिला तर कळतबी नव्हतं, की आपल्याबद्दल काय चाललंय. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती." त्याने खिशातून मोबाइल काढला, परत ठेवला. "मंग मी बोललो, नो सर. नॉट अस. बाय मी."

मोठ्या साहेबांनी जुना जबाब बाजूला सरकवला आणि कोरा कागद गोकुळपुढे ठेवला. आता जे बोललास ते लिहून दे. त्याने लिहून दिलं, सही केली. अर्ध्या तासाने रमाकांतसाहेबांनी बाहेर येऊन सांगितलं, की बायडाबाईची नोटीस मागे घेतली, हात बरा झाला की तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवतील. ते सगळं गोकुळने तिला अहिराणीत सांगितलं. मग साहेबांनी गोकुळला थांबायला सांगितलं आणि त्याचं गेटचं कार्ड मागून घेतलं. चेतन तोवर शिफ्टवर निघून गेला होता.

"म्हणजे यादीतलं नाव..." मी अर्धवटच बोलले.

"यादी काय मॅडम, कामच गेलं." मग तो थबकला आणि स्वतःशीच मान हलवून म्हणाला, "गेलं नाही. काढलं त्यांनी."

सरिताला त्याने अजून सांगितलं नव्हतं. आधी माझ्याकडे आला होता, कारण त्याला तो कागद दाखवायचा होता. ह्या वेळीही त्याने फोटो काढून ठेवला होता. "बघा ना, चूक आहे का काही?"

मी चष्मा पुसला आणि वाचलं. चार ओळी. आय रिमूव्हड द कव्हर. शी डिड नॉट नो. हर हॅन्ड गॉट कॉट. खाली नाव आणि तारीख. मी चार वेळा वाचलं. ह्या वेळी स्वल्पविराम शोधले नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "काही चूक नाही."

"बरं." तो चपला घालायला लागला, डाव्या पायात उजवी घातली, परत काढली. "मॅडम, आता उद्यापासून दिवसभर मोकळाच आहे मी. सकाळच्या बॅचला येऊ का?"

सकाळी माझी बॅच नसतेच. मी म्हटलं, "ये."